पाच खणांचं एस्टिमेट

घर बांधायला काढलं की पायाचा दगड येण्याआधी गोष्टी यायला लागतात. दगडाला गाडी लागते, बैल लागतात. गोष्टीला काहीच लागत नाही. पारावर टेका, विहिरीवर बैल पाजा, नाहीतर मोटारीची वाट पाहत फाट्यावर उभे राहा, कोणीतरी विचारतंच, "काय म्हंते घर?" आपण एक गोष्ट सांगावी, तर तो तिच्यावर दोन रचतो. आमच्या घराची अजून एक भिंत पुरी उभी नाही, पण गोष्टींचा ढीग पार छपराला लागलाय! पुण्याचे मित्र पत्रातून विचारतात, "काय रे, गावी जाऊन करतोस तरी काय?" एकेकाला उत्तर लिहीत बसण्यापेक्षा सगळं एकदाच सांगून टाकतो.

आमचं गाव जळगाव जामोदपासून दोन कोसांवर. मागे सातपुडा, पुढे काळं रान आणि त्यात कापूस. पुण्याला ओव्हरसियरचा डिप्लोमा झाल्यावर वर्गातले बाकीचे मुंबईकडे आणि सरकारी नोकरीकडे पांगले. मी खादीची टोपी आणि शंभर फुटी टेप घेऊन परत आलो. वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला खिडकी असली पाहिजे, असं माझं मत होतं. आजही आहे.

पहिलं घर आमचंच निघालं, आणि ते निघालं मायमुळे. आमच्या जुन्या घरातलं चुलीचं ठिकाण म्हणजे एक अंधारा कोपरा. खिडकी नाही, धुराडं नाही. तीस वर्षं त्या धुरात बसून मायचे डोळे लाल झाले, मग पाणी यायला लागलं, मग दाण्यातला खडा दिसेना. शेगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "औषध देतो, पण धुरातून बाहेर काढा. नाहीतर डोळे राहणार नाहीत."

परत येताना गाडीत दादा, म्हणजे माझे वडील, मायच्या डोळ्यांकडे पाहत होते. पूर्णेच्या पुलाशी आल्यावर म्हणाले, "घर बांधू. रांधाची खोली मोठी. उजेडाची."

दादांनी मायला न मागता काही दिल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

*

दुसऱ्याच दिवशी मी ओसरीवर कागद पसरला. दादा बसले, दादांचे धाकटे भाऊ बापूकाका बसले, शिवराम गवंडी पायरीवर बसला. माय दाराआड उभी.

मी उभा राहूनच सुरुवात केली. "दादा, घर म्हणजे काय? घर म्हणजे मोकळी हवा, भरपूर उजेड आणि स्वच्छता! आपल्या लोकांनी आजवर कोंडवाडे बांधले, घरं बांधलीच नाहीत!"

दादांनी सगळं ऐकून घेतलं. अडकित्त्यानं सुपारी कातरली, अर्धी बापूकाकांना दिली, अर्धी तोंडात टाकली.

"हवा, उजेड तं वावरातबी हाय," ते म्हणाले. "भिंती कायच्या घालतो ते सांग."

*

मग पैशाचं ठरलं. गेल्या कापसाचे दीड हजार रुपये दादांनी बाजूला ठेवले होते. घर तेवढ्यातच व्हायचं. कर्ज हा शब्दही निघाला नाही. कर्ज काढून बांधलेल्या घरात पहिल्यांदा सावकार झोपतो, असं दादांचं म्हणणं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "माझ्या एस्टिमेटच्या वर एक रुपया जाणार नाही!"

त्यासाठी आधी घर केवढं ते ठरायला हवं. मी एकेकाला विचारलं.

दादा म्हणाले, "पाच खण." खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. ज्याच्या तुळया जवळजवळ, त्याचा खण बारीक. म्हणजे माप सगळ्यांचं एकच, आणि कोणाचंच सारखं नाही!

बापूकाका म्हणाले, "पांढऱ्या मातीच्या शंभर गाड्या बसतीन, येवढं."

शिवराम म्हणाला, "आमी तिघं भाऊ आन् एक उन्हाळा."

मायला विचारलं. ती दाराआडून म्हणाली, "वीस पानं एका पंगतीले बसली पायजेत. आन् वाढणारीचा पाय कोणाच्या ताटाले नाही लागला पायजे."

मी दोन दिवस बसलो. पानाला पाट, पाटाला जागा, वाढणारीला वाट, गाडीला माती, मातीला भिंत, सगळ्याचे चौरस फूट केले. अगदी मजा आली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून वाचून दाखवलं. सगळे माना डोलावत होते.

वाचून झाल्यावर दादा म्हणाले, "म्हंजे पाच खणच ना?"

"हो दादा. बरोबर पाच खणच येतात!"

"मंग दोन दिवस तू कुठी गेल्ता?"

*

गावातले रेट कळावेत म्हणून शेषरावकाकांकडे गेलो. त्यांनी आदल्याच वर्षी घर बांधलं होतं. दगडी जोतं, वर टिनपत्रे, दाराला पितळी कडी. मोठ्या प्रेमानं बसवलं, चहा दिला. मी पेन्सिल काढली.

"काका, सगळं मिळून किती लागले?"

शेषरावकाकांनी रस्त्याकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "कोणाले सांगाचं हाय? सोयऱ्याले, का तहशिलीत?"

"म्हणजे?"

"सोयऱ्याले सांगाचं असंन तं तीन हजार. तहशिलीत सांगाचं असंन तं सातशे."

"काका, मला दोन्ही नको. मला खरा आकडा पाहिजे!"

काका विचारात पडले. खरोखरच पडले. टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, बोटांवर मोजून पाहिलं, पुन्हा टोपी घातली.

"खरा?" ते म्हणाले. "तो आजलोक कोणी इचारलाच नाही ना, बाप्पा!"

*

मायला औषध बदलायला पुन्हा शेगावला न्यायचं होतं. मी म्हटलं, त्याच फेरीत स्टेशनजवळच्या लोखंडी सामानाच्या दुकानात खिळे, बिजागऱ्या आणि काच यांचे भाव काढू. मोटारीत माय पदर नाकाला लावून बसली. तिला पेट्रोलचा वास सहन होत नव्हता. "चुलीचा धूर बरा," म्हणाली. मी तिथल्या तिथे धुरावर एक व्याख्यान दिलं. ते मोटारीतल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि एकानं उतरताना मला विडी दिली.

दुकानात मी भाव विचारत होतो. मायनं तेवढ्यात फळीवरची एक काच दोन्ही हातांनी उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि रस्त्याकडे वळली. टांगे, भाविक, केळीवाल्या, सगळं काचेतून पाहायला लागली. दुकानदार अस्वस्थ झाला.

"बाई, काच घ्याची हाय, का नुसती पाहाची?"

माय काच न उतरवता म्हणाली, "घेऊन तरी मंग काय करतात, भाऊ?"

येताना मी तिला सांगितलं, "माय, तुझी खिडकी पूर्वेला काढतोय, पण जरा कोनात. बसल्या जागेवरून तुला सातपुडा दिसेल!"

"सातपुडा काय करू, बाबू?" माय म्हणाली. "तो कुठी जाऊन राह्यला? मले रस्ता दिसला पायजे. पाहुणा दारात येऊन खोकलते तवा मले मालूम पडते. तोपरेंत तवा थंडा असते."

मी प्लॅन काढून खिडकी रस्त्याकडे फिरवली. चालत्या मोटारीत फिरवली, त्यामुळे रेघ जरा वाकडी आली.

*

लाकडाच्या अंदाजासाठी जळगावहून रहीमभाई मिस्त्री आले. तालुक्यातल्या निम्म्या चौकटी त्यांच्या हातच्या. त्यांची पद्धत अशी की ते आधी जागा पाहत नाहीत, मालक पाहतात. दादांच्या समोर मांडी घालून बसले आणि दादांचा फेटा, मिशा, जोडे सगळं निरखून घेतलं.

मी म्हटलं, "रहीमभाई, दाराचं माप प्लॅनमध्ये लिहिलंय."

"ओ तुम रखो," रहीमभाई म्हणाले. मग दादांना, "भाऊ, पहले ये बताओ. आनेवाले कू झुकाना है, कि सीधा घुसाना है? दाम उसपर है."

दादांना प्रश्न एकदम पटला. माझे सगळे प्रश्न त्यांनी इतक्या गंभीरपणे कधी घेतले नव्हते! बराच विचार करून म्हणाले, "जवाई वाकला पायजे." जावई अजून यायचा होता, माझी बहीण परकर नेसत होती. "पण तहशीलदार आला तं त्याच्या टोपीले चौकट नाही लागली पायजे."

"तो फिर दो दरवाजे लिखो, भाऊ."

बापूकाका लगेच म्हणाले, "दोन नोको. एकच, उंच. कमळं कोरलेला!"

मी त्यांना मायच्या खिडकीवर आणलं. रहीमभाईंनी माप पाहिलं. "इसमें से कौन घुसेगा?"

"उजेड, रहीमभाई! उजेड आणि हवा!"

"उनकू तो झुकना नही पडता," रहीमभाई हसले. "इसका मैं कम लगाता."

आणि खरंच कमी लावलं. दुसऱ्या कोणाच्या दारातून उरलेल्या सागवानातून त्यांनी ती चौकट सगळ्यात आधी करून टाकली. मोठं काम हातात घेण्याआधी बारीक काम संपवायचं, ही त्यांची सवय.

*

छपराला पत्रे की धाबं, यावर आठ दिवस गेले. शेवटी धाबं ठरलं. सागवानी तुळया, त्यावर काड्या आणि पालापाचोळा, त्यावर माती, आणि वरून पाणी न झिरपणारी खारी माती. मी एस्टिमेटमध्ये लिहिलं: धाबं टाकण्याची मजुरी, चाळीस माणसं, एक दिवस.

दादांनी ऐकलं आणि म्हणाले, "ते खोड."

"का दादा?"

"धाब्याले गाव येते. गावाले मजुरी देतो का? उद्या मयतीले कोणी येणार नाही आपल्या!"

मला भरून आलं. सबंध गाव एका घरासाठी राबतं, एक पैसा न घेता! याला म्हणतात सहकार! पुण्याला यावर पुस्तकं वाचतात, इथे लोक जगतात! मी तिथल्या तिथे मजुरीवर रेघ मारली आणि पुढे शून्य लिहिलं.

"आता जेवण लिही," दादा म्हणाले.

माय दाराआडून सांगायला लागली. रोडग्यांचे गहू. वांगी. तूरडाळ. तेल. गूळ. तूप, कारण धाब्याच्या रोडग्यावर तूप नसलं तर वर्षभर ऐकावं लागतं. आलेल्यांची लेकरं. लेकरांना आणायला येणाऱ्या बाया. आणि संध्याकाळी, जे आलेच नाहीत ते.

"न आलेल्यांना कशाला जेवण?"

"त्याईले नाही बलावलं," बापूकाका म्हणाले, "तं ते काऊन नाही आले, ते सांगत फिरतीन."

बेरीज केली. जेवण मजुरीच्या दुप्पट झालं! मी दोनदा तपासलं. मग एकदम सुचलं, आणि मी जवळजवळ ओरडलोच, "दादा! मग आपण चाळीस मजूरच लावू की! निम्म्यात होतं!"

बापूकाकांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

"मंग जेवाले कोण येईन?"

*

आता या एस्टिमेटचं पुढे काय झालं ते ऐका.

वऱ्हाड नावाला निजामाचं, आणि कारभार इंग्रजांचा, नागपूरहून. आमच्या घराचंही तसंच झालं. घर काढलं मायच्या नावानं, आणि कारभार चालला ओसरीवरून.

पहिलं एस्टिमेट दीड हजारात नीट बसलं होतं. त्यात स्वयंपाकघर होतं: रस्त्याकडे खिडकी, चुलीवर धुराडं, आणि उभ्यानं काम करता येईल असा कट्टा. पण बापूकाकांच्या डोक्यात वेगळंच होतं. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही, म्हणून गावातल्या सगळ्या लग्नांची काळजी त्यांना, आणि त्यातही माझ्या लग्नाची जास्त.

आधी दाराला कोरलेली कमळं आली. ती बसावीत म्हणून धुराडं गेलं. बापूकाका म्हणाले, "धूर काय, खिडकीतून जाईन."

मग पाहुण्यांसाठी दगडी ओटा आला आणि कट्टा गेला. "उभ्यानं रांधणारी बाई पाह्यली का कोणी?"

मग बैठक अर्ध्या खणानं वाढली. खिडकी गेली. "धूर दारातूनबी जाते. त्याले काय रस्ता मालूम नाही?"

मी म्हटलं, "काका, चौकट तयार झाली आहे खिडकीची!"

"राहू दे. गोठ्याले कामी येईन."

मग बैठकीत दोन नक्षीदार खांब आले. आता काढायला काही उरलंच नव्हतं, म्हणून खोलीच गेली. "जुन्या घराची चूल हाय ना मागं. नव्या घरी बसू, जुन्या घरी रांधू. पुढं पाहू."

मी उठून उभा राहिलो. "दादा, हे घर आपण कशासाठी काढलं? डॉक्टर काय म्हणाले? घरात सगळं आहे, आणि ज्या खोलीसाठी घर काढलं तीच नाही! हे कसलं एस्टिमेट?"

"अबे नारायणा," बापूकाका समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुले पोरगी दाखवाले येतीन ते लोक बैठकीत बसतीन, का चुलीपाशी?"

मी दादांकडे पाहिलं. दादा सुपारी कातरत होते, पण अडकित्त्यात सुपारी नव्हती.

"कापूस वाढवता येते का?" ते म्हणाले. "नाही येत. ओटा नाही म्हटलं तं बापूनं गावभर सांगून टाकलं हाय. मी काय तोंड दाखवू?"

आतून मायचा खोकला ऐकू आला. ती चहा घेऊन दाराशी आली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण ते नेहमीचंच. तिनं सगळं ऐकलं होतं की नाही, कोणास ठाऊक. तिनं एवढंच विचारलं, "चौकट कोण्या दिवशी हाय?"

"सोमवारी," बापूकाका म्हणाले. "वाजंत्री सांगतली हाय."

*

चौकटीचा दिवस तुम्हाला सांगतो, आणि थांबतो.

आमच्याकडे जोतं झालं की पहिली चौकट उभी करतात. घरच्या सवाष्णीनं तिला हळदकुंकू लावायचं, आणि भटजींनी काढून दिलेल्या घटकेला ती उभी करायची. एका मुहूर्ताला एकच चौकट. आणि एकदा पुजलेली चौकट आडवी ठेवायची नाही. हे गावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

जुन्या घराच्या पुढ्यातल्या मोकळ्या जागेवर बैठकीचं आणि माजघराचं जोतं भरून तयार होतं. रहीमभाईंची गाडी सकाळीच आली. कमळांची चौकट चौघांनी उतरवली आणि जोत्यावर ठेवली. तिला आंब्याचं तोरण बांधलं. बापूकाका तिच्यावरची धूळ स्वतःच्या उपरण्यानं पुसत होते. गाडीत खिडकीची चौकटही होती. "बना हुवा माल घर में काहे कू रखू?" म्हणत रहीमभाईंनी ती उतरवून बाजूच्या निंबाला टेकवून ठेवली.

निम्मं गाव जमलं. वाजंत्री सुरू झाली. भटजी सावली पाहून म्हणाले, "आता येऊ द्या."

माय ताट घेऊन निघाली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, ताटात हळद, कुंकू, अक्षता, निरांजन. लोकांनी वाट करून दिली. ती जोत्यापाशी आली, कमळांच्या चौकटीपाशी आली, आणि पुढे गेली. आम्हाला वाटलं, प्रदक्षिणा घालते आहे. ती निंबापाशी जाऊन थांबली, खाली बसली, आणि खिडकीच्या चौकटीला हळद लावली. मग कुंकू. मग पाची बोटांनी सारवल्यासारखं नीट, चारी बाजूंनी. अक्षता टाकल्या. निरांजन ओवाळलं.

वाजंत्रीवाला वाजवायचा थांबला.

"वहिनीले दिसलं नाही वाटते!" बापूकाका कुजबुजले. ते कुजबुजतात तेव्हा वेशीपर्यंत ऐकू जातं.

दादा लगबगीनं तिच्याजवळ गेले. हळूच बोलले, पण बाकी कोणीच बोलत नव्हतं, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"अवं, दिसलं नाही का तुले? चौकट तिकडं हाय!"

मायनं निरांजनावर हाताचा आडोसा धरला.

"दिसत असतं," ती म्हणाली, "तं तुमी घर कायले काढलं असतं?"

भटजींनी पुन्हा सावली पाहिली. "घटका जाऊन राह्यली, भाऊसाहेब. पुजली ते उभी करा."

"आन् हे?" बापूकाका कमळांच्या चौकटीवर हात ठेवून म्हणाले.

"पौष लागाच्या आत दुसरा मुहूर्त नाही. आता संक्रांतीनंतर."

दादांनी शिवरामकडे पाहिलं, निंबाकडे पाहिलं.

"खोद," ते म्हणाले.

तिघा भावांनी तिथल्या तिथे कुदळी चालवल्या. बैठकीसाठी आणलेला दगड उचलून आणला, कंबरेएवढा थर रचला, त्यावर खिडकीची चौकट बसवली आणि दोन्ही अंगांना लाकडी टेकू दिले. मुहूर्त टळायच्या आत खिडकी उभी राहिली. वाजंत्री पुन्हा वाजली. काय वाजवावं ते वाजंत्रीवाल्याला कळेना, म्हणून त्यानं वरातीचंच वाजवलं!

कमळांची चौकट गोणपाटात गुंडाळून ठेवली. पौषभर त्या मोकळ्या जागेवर एक खिडकी तेवढी उभी होती. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "काऊन बे नारायणा, घर कुठी गेलं?" एक वासरू दिवसभर खिडकीच्या या बाजूनं त्या बाजूला आणि त्या बाजूनं या बाजूला फिरायचं. मायनं खिडकीच्या आतल्या अंगाची जागा झाडून सारवून घेतली, तीन दगड मांडले आणि तिथेच चहा ठेवायला लागली. तिच्या मागे भिंत नव्हती, बाजूला भिंत नव्हती, वर आभाळ होतं.

चार-सहा दिवसांनी दादा वावरातून येत होते. रस्ता सोडून खिडकीपाशी आले आणि बाहेरच्या अंगाला थांबले. माय आत होती. तिनं कपबशी खिडकीच्या चौकटीवर ठेवली. दादांनी खिडकीतून ती उचलली, बशीत ओतून एक घोट घेतला.

"साखर कमी हाय," ते म्हणाले.

"आत या, टाकते," माय म्हणाली.

दादांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. वासरू त्यांच्या समोरून आत गेलं.

"कुठून येऊ?" दादांनी विचारलं.